महादेव पाटील अकरा वेळा उठले

काशीबाईनं पाहुण्यांसाठी पाट मांडला, पाटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि पाहुण्यांच्या आधी समुद्राकडचं दार घरात आलं. उघडून नाही आलं. चौकट सोडून आलं आणि पाटावर आडवं झालं. पाठोपाठ दोन्ही खिडक्यांची झापं उडाली. त्यांतलं एक चुलीत गेलं, दुसरं गेलं ते कुठं गेलं याचा पत्ता आजतागायत लागलेला नाही.

आषाढाचा तिसरा आठवडा होता. दर्या बंद, होड्या वर ओढलेल्या, आणि वरळीच्या कोळीवाड्यातले पुरुष रिकाम्या हातांनी आभाळाकडं बघत बसलेले. सोयरिकी जुळवायच्या त्या याच दिवसांत, कारण एरवी दोन्हीकडचे बाप एका वेळी जमिनीवर सापडत नाहीत. अठराशे शहाण्णव सालचा, लोकांच्या घरांना कुलपं घालणारा प्लेग अजून दोन वर्षं लांब होता, त्यामुळं घराची दारं-खिडक्या फळ्या मारून बंद करण्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. वादळ आलं की मारायच्या, गेलं की काढायच्या, एवढाच हिशेब.

तिच्या नवऱ्यानं, हरेश्वर तांडेलानं, पाटावरच्या दाराकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. महिनाभर त्याच्या हाताला काम नव्हतं.

"दौलतला हाक मारा," काशीबाई म्हणाली. दौलत शेजारचाच, रत्नागिरीकडून येऊन परळच्या गिरणीत सुतारकाम करणारा. रविवार असल्यामुळं घरीच होता.

"दौलतला कशाला? मी काय मेलंय? ज्यानं तीन बोटी बांदल्या त्याला दार येत नाय?"

"बोटीला दार असतंय का?"

"गप बस गो."

माळ्यावर सागाच्या अकरा फळ्या होत्या. बोटीच्या कामासाठी ठेवलेल्या, दोन उन्हाळे वाळलेल्या, बोटानं टिचकी मारली तर मडक्यासारख्या वाजणाऱ्या. हरेश्वरनं त्यांतल्या सात काढल्या. फळीच्या कडेला फळी खाचेत बसवली, मधे काथ्या भरला, वरून राळ फासली. दार आणि खिडक्या त्यानं अशा बंद केल्या की वारा बाहेरच्या बाहेर चडफडत राहिला. काम खरोखर देखणं होतं. नावं ठेवायला म्हणून आलेला दौलतसुद्धा दोन मिनिटं नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "तांडेलानू, ह्यां दार न्हय. बूच आसा."

"तुमचा गिरनीवाल्यांचा डोला वेगला."

"लाकूड सुका आसा. पाणी लागला की फुगतला. मगे उघडतलात कसा?"

"फुगाव म्हनूनच बशीवलंय. न फुगलेली बोट म्हंजे पिठाची चालन."

दौलत मान हलवत घरी गेला. मागचं दार शाबूत होतं, तेव्हा हा वाद तूर्त तात्त्विक होता.

त्याच मागच्या दारानं घटकाभरात माहीमचे महादेव पाटील आत आले. बरोबर मुलगा उत्तम. या उत्तमला हरेश्वरची एकुलती एक तुळसा पसंत होती आणि तुळसाला तो पसंत होता. एवढ्यावर लग्नं होत असती तर बापांना घरी बसून जाळी विणता आली असती. अडचण महादेव पाटलांची होती. पाटील माणूस भला. पण बोलणी करायला बसले की त्यांच्या हाती एकच हत्यार असे, ते म्हणजे उठणं. मनाविरुद्ध शब्द आला की ते उपरणं झटकत, "आमी जातो," म्हणत आणि खरोखर जात. उत्तमची आतापर्यंत तीन ठिकाणी बोलणी झाली होती आणि पाटील तिन्ही घरांतून उठून गेले होते. शीवच्या एका घरातून तर ते हात धुवायला दिलेलं पाणी खाली पडायच्या आत गेले, असं लोक सांगत. उत्तम चोवीस वर्षांचा झाला होता. हे चौथं घर. इथूनही बाप उठला तर पाचवं घर कुणी दाखवणार नव्हतं, आणि उत्तमला पाचवं घर बघायचंही नव्हतं.

रीतीप्रमाणं तुळसा होणाऱ्या सासऱ्यासमोर नको म्हणून शेजारी रखमाकडं जाऊन बसली होती.

"बसा पाटील," हरेश्वर म्हणाला.

"बसतो. पन वेल नाय मना." हे पाटील सगळीकडं म्हणत. जाण्याची तयारी बसण्यापासूनच असावी, असा त्यांचा नियम होता.

ते पाटावर टेकतात न टेकतात तोच वारा फिरला. सकाळपासून समुद्राकडून येणारा वारा एकाएकी जमिनीकडून आला, आणि मागचं दार, जे आत्तापर्यंत निमूट होतं, ते निघालं ते दोन अंगणं ओलांडून दौलतच्या ओटीवर जाऊन पडलं. दौलतनं ते उचलून भिंतीला टेकवलं आणि विडी पेटवली. आपला सल्ला कुणी ऐकत नसलं तरी दारं आपल्याकडं येतात, याचं त्याला समाधान वाटलं असावं.

इकडं पाऊस थेट पाटलांच्या मांडीवर येऊ लागला.

"उत्तम, तू भायेर जा," हरेश्वर उरलेल्या चार फळ्या ओढत म्हणाला. "मी आतून खिला मारतंय, तू भायेरून टोक वलव."

यात वेडंवाकडं काही नव्हतं. बोट अशीच बांधतात. एक माणूस आत, एक बाहेर; आतल्यानं खिळा ठोकायचा, पलीकडं आलेलं टोक बाहेरच्यानं दाबून वळवायचं, की खिळा जन्मात सुटत नाही. उत्तमला तर भावी सासऱ्याला आपला हात दाखवायचा होता. त्यानं एकेक टोक असं वळवलं की खिळ्यालाच मागं फिरावंसं वाटू नये. रखमाच्या चुलीवर राळ तापवून तुळसा करवंटीतून घेऊन आली. छपराच्या झावळ्या खाली उतरल्या होत्या, त्यांच्या आडोशाला दोघं उभी राहिली आणि फटी बुजवू लागली. इतक्या छोट्या फटींना इतका वेळ लागत नाही, पण आतून ते कुणाला दिसत नव्हतं.

शेवटचा खिळा बसला. हरेश्वरनं फळीवर थाप मारली. "आता घर दर्यात लोटला तरी थेंब आत यायचा नाय."

घरात मिट्ट काळोख झाला होता. काशीबाईनं दिवा लावला, चहूकडं पाहिलं, आणि म्हणाली, "आन आपन भायेर कसं जायचं?"

हरेश्वरनं सवयीनं वर पाहिलं. आयुष्यभर त्यानं जे जे बांधलं होतं त्यातून माणसं वरून बाहेर पडत.

"छपरातून नाय," काशीबाई म्हणाली. "जेठात शाकारलंय मी. एक झावली हालवली तर बघा."

"पहार आनली की निघल," हरेश्वर म्हणाला. "पहार कुठं हाय?"

पहार बाहेर, होडीपाशी होती. फळीला तोंड लावून त्यानं उत्तमला हाक मारली. "पाऊस लय हाय मामा," बाहेरून उत्तर आलं. "उतार पडला की आनतो."

म्हणून मग बोलणी सुरू झाली.

पहिला मुद्दा ओट्याचा. परळच्या बाजारात काशीबाईचा मासळी विकायचा ओटा होता. तिच्या आईचा, त्याआधी आजीचा. गिरणी सुटली की पहिला माणूस त्या ओट्यावर येऊन आदळे. काशीबाईला मुलगा नाही, सून नाही. तुळसा लग्नानंतरही तिथं बसली नाही तर तीन पिढ्यांचा ओटा दुसऱ्या कुणाच्या टोपलीखाली जाणार होता. तुळसाचं लग्न व्हावं ही तिची इच्छा. ओटा राहावा हीसुद्धा. दोन्ही एकदम मिळायची आशा तिला नव्हती.

"पोरगी लग्नानंतर माज्याच ओट्यावर बसल," ती चाचरतच म्हणाली.

"माजी सून माहीमच्या बाजारात बसल. माजी मासली, माजी सून, माजा बाजार." पाटलांनी उपरणं झटकलं. "जमत नसल तर आमी जातो."

ते उठले. काशीबाई घाईघाईनं पुढं सरकली. "अवो पाटील, बसा हो, तसं नाय, तुमी म्हनाल तसं," असं ती एका दमात बोलून गेली. पाटील मात्र तोवर तडक दाराशी पोचले होते. त्यांनी दार ढकललं. मग खांद्यानं ढकललं. मग त्यांना आठवलं. ते काही क्षण फळीकडं तोंड करून उभे राहिले, जणू राळेचं काम तपासत आहेत, आणि परत येऊन बसले.

"बरं बसवलंय," ते म्हणाले.

"पानी लागलं की सात बोटं फुगतंय," हरेश्वर अभिमानानं म्हणाला.

दुसरा मुद्दा वऱ्हाडाचा. पाटील दोनशे माणूस आणणार म्हणाले, हरेश्वर शंभर म्हणाला. पाटील उठले. दाराशी गेले. आले. बसले. काशीबाई बोलता बोलता थांबली होती. बाजारात तिनं आयुष्य काढलं होतं. गिऱ्हाईक पुढच्या ओट्यावर जाऊ शकतं तोवर त्याची किंमत काय आणि बाजारात दुसरा ओटाच नसला तर काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं चुलीत लाकूड सारलं आणि सुके बोंबील काढले.

तिसऱ्या वेळी पाटील उठले तेव्हा तिनं मान वर केली नाही. "जाताय का? मग दिवा जरा पुढं सारा जाता जाता," ती म्हणाली.

पाटलांनी दिवा पुढं सारला आणि बसले.

"मंग ओट्याचं काय ठरलं?" काशीबाईनं विचारलं.

"मघाशी तू म्हनाली, मी म्हनल तसं."

"मघाशी तुमी उबे होता. आता बसलाय."

चौथ्या वेळी पाटील उठले ते खरोखर चिडून. फळीपाशी उभे राहून त्यांनी मूठ आपटली. बाहेर पाण्याचा आवाज चालूच होता; वरून धबधबा, मग थोडी उसंत, मग पुन्हा धबधबा. झावळीतून एक थेंब गळून त्यांच्या मिशीवर पडला. त्यांनी तो जिभेनं टिपला. मग बराच वेळ ते तसेच उभे राहिले.

"काय झालं पाटील?" हरेश्वरनं विचारलं.

"काय नाय. पाऊस हाय." ते परतले आणि पाटावर या वेळी मांडी घालून बसले. "बसा म्हनताय तं बसतो," ते म्हणाले. बसा असं कुणीच म्हटलेलं नव्हतं.

पाचवं, सहावं आणि सातवं उठणं दारापर्यंत गेलंच नाही; गुडघ्यापर्यंत येऊन विरलं. आठवं आणि नववं धुरामुळं झालं, म्हणून खरं तर धरू नये. पण उठताना पाटील "आमी जातो" म्हणाले, म्हणून धरलं आहे. हरेश्वरनं घराला एकही फट ठेवली नव्हती, तेव्हा चुलीचा धूर छपरातून वाट काढेपर्यंत आतल्यांशीच ओळख वाढवत होता. तिघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हरेश्वर नाक ओढत म्हणाला, "मना पोरगा नाय पाटील. उत्तम वरसातून एक महिना माज्या बोटीवर येल का?" पाटील डोळे पुसत म्हणाले, "येल, येल." बाहेरून फळीला कान लावलेल्या रखमाला वाटलं, आत कुणी गेलं. ती तुळसाला म्हणाली, "बाय गो, तुजी माय बरी हाय ना? तिगंपन रडतान." तुळसा म्हणाली, "मंग ठरत आलं म्हनायचं."

मधे दोनदा हरेश्वरनं पहारीसाठी हाक दिली. एकदा पहार होडीखाली अडकलेली होती. दुसऱ्यांदा ती निघाली होती, पण उतार पडला नव्हता.

जेवण वाढलं. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. पाटलांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. पाचवी घेताना ते म्हणाले, "बरं, तुलसा तुज्या ओट्यावर बसल. पन मासली माजी जाईल तिथं."

"तुमचीच जाईल," काशीबाई म्हणाली. "तुमची आन आमची. माहीमला गिऱ्हाईक उटून जातंय. परलला गिरनी सुटली की गिऱ्हाईक कुठं जातंय?"

पाटील दहाव्यांदा उठले, पण ते हात धुवायला. "ठरलं," ते म्हणाले. "वऱ्हाड दीडशे. लगीन माघात."

हा शब्द फळीबाहेर कसा गेला हे सांगता येत नाही, पण तो बाहेर गेल्याबरोबर पाऊस थांबला. वरचा धबधबा एकदम बंद झाला. पहार लगेच सापडली. दौलत करवत घेऊन हजर झाला. वळवलेली टोकं आणि फुगलेलं लाकूड पाहून त्यानं पहार बाजूला ठेवली आणि मधोमध माणूस वाकून निघेल एवढं भोक पाडायला घेतलं. आतून हरेश्वर करवतीच्या प्रत्येक ओढीला "जरा हलू रं" म्हणत होता, जसं काही त्याचीच दाढ उपटत होते.

आधी हरेश्वर बाहेर आला, मग काशीबाई. बाहेर लख्ख ऊन होतं. अंगण कोरडं ठणठणीत. रखमाची जाळी दोरीवर वाळून खडखडत होती. एकट्या मागच्या दारापुढं चिखल झाला होता, आणि तिथून समुद्राच्या पाण्यापर्यंत ओल्या पावलांची पायवाट पडली होती. पायवाटेच्या अलीकडच्या टोकाला उत्तम उभा होता, डोक्यापासून निथळत. तुळसाच्या दोन्ही हातांत हंडे होते आणि ते पाठीमागं लपवण्याइतकी ती रुंद नव्हती.

"पाऊस कवा थांबला?" हरेश्वरनं विचारलं.

"दुपारीच," दौलत म्हणाला. "माका वाटला, तुमका ठावक आसा. मी म्हटला, तांडेल दार फुगवतत."

काशीबाईनं तुळसाकडं पाहिलं. मग तिला मागची चाहूल लागली. आत महादेव पाटील अकराव्यांदा उठले होते, आणि या वेळी दार उघडं होतं.

पाटील भोकातून वाकून बाहेर आले. त्यांनी आभाळ पाहिलं, अंगण पाहिलं, हंडे पाहिले, आपला मुलगा पाहिला. उपरणं झटकलं. माहीमची वाट समोरच होती. ते तिच्याकडं तीन पावलं चालले. उत्तमच्या केसांतून गळणारं पाणी तेवढं टपटपत होतं.

"पाऊस खारट होता," पाटील वळून म्हणाले.

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"पन्नास वरसं दर्यावर काढली. मना गोडं न् खारं कलत नाय? चवथ्या वेलेला उटलो तवाच कललं, माजाच पोरगा वर दर्या वततोय."

"मंग बोलला का नाय?" काशीबाईच्या तोंडून निघून गेलं.

पाटील जरा वेळ उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. "तीन घरांतून उटलो काशीबाय," ते म्हणाले. "तिनी ठिकानी वाटेत दोनदा मागं वलून बघितलं. कुनी हाक मारली नाय. दार लावून घेनारं हे पयलंच घर."

मग ते परत आले, भोकातून वाकून आत गेले आणि पाटावर बसल्याचा आवाज आला. आतून त्यांनी हाक मारली, रीत बाजूला ठेवून, थेट नाव घेऊन.

"तुलसा, ते हंडे ठेव आता. आन मना तांब्याभर गोडं पानी दे."